कंपनी बदलू का ऑफर घेऊ? आधी खांबापासून राउटरपर्यंतची वायर बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांनाही कळावं म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही इंदूरला राजेंद्र नगरात राहता, १०० एमबीपीएसचं फायबर आहे, महिन्याचे ७९९ अधिक जीएसटी. मिस्टरांचं ऑफिसचं काम घरून, मुलीचा संध्याकाळी ऑनलाइन क्लास, सासूबाईंचा टीव्ही पण नेटवरच. दिवाळीआधी घरात रंगकाम झालं, नवीन टीव्ही युनिट बसवलं, आणि साधारण तेव्हापासून नेट संध्याकाळी लटकतं, अधूनमधून पाच-दहा मिनिटं पूर्ण जातं. वैतागून बंद करायला फोन केला तर तिकडून ऑफर आली, त्याच ७९९ मध्ये २०० एमबीपीएस, वर्षाचे एकदम भरा, वर दोन महिने फुकट. आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या कंपनीचा मुलगा दारात, ५९९ मध्ये १०० एमबीपीएस, सहा महिन्यांचे भरले तर इन्स्टॉलेशन फ्री. आता कोणतं घेऊ, असा प्रश्न.

माझं म्हणणं, आज दोन्ही नको. दोन्हीकडे पैसे भरायच्या आधी तीन दिवस द्या, कारण तुम्ही जो त्रास लिहिलाय त्यावर दोन्ही ऑफर लागू पडतील असं मला दिसत नाही.

मी २००५ पासून या लाईनमध्ये आहे. आधी केबल टीव्हीची काळी जाड वायर ओढायचो, २०१३ ला इंदुरात सेट टॉप बॉक्स सक्तीचे झाले तेव्हा घरोघरी ते बसवले, मग लॅनवालं इंटरनेट, आणि आता बरीच वर्षं फायबर. सध्या ऑफिस आणि घरांचं वायरिंग आणि वाय-फायचं काम करतो, कोणत्याही कंपनीचं कनेक्शन विकत नाही, त्यामुळे तुम्ही इकडे गेलात काय किंवा तिकडे गेलात काय, मला त्यातून एक रुपया सुटत नाही. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली की माणसं कंपनीचं नाव बघून निर्णय घेतात, आणि त्रास निघतो तो खांबापासून घरातल्या राउटरपर्यंतच्या शेवटच्या शंभर-दोनशे मीटरमध्ये. ती वायर कोणी ओढली, जॉइंट कसा मारला, बिघडली तर कोण किती वेळात येतो, यावर तुमचं नेट चालतं. कंपनीचं नाव मोठं असलं तरी गल्लीत येणारा माणूस बहुतेक वेळा तिथल्याच लोकल ऑपरेटरचा असतो. बीएसएनएलचं फायबर तर बऱ्याच ठिकाणी स्थानिक पार्टनरच घरापर्यंत आणतात आणि तेच सांभाळतात. म्हणून एकाच कंपनीचं नेट एका कॉलनीत झकास आणि पलीकडच्या कॉलनीत रड, असं होतं.

आता तुम्ही कशासाठी सोडताय हे आधी ठरवा. पैसे जास्त वाटतात म्हणून, का नेट नीट चालत नाही म्हणून? पैशासाठी सोडत असाल तर थांबवायची ऑफर चांगलीच असते, घासाघीस करून घ्यावी. पण नेट चालत नाही म्हणून सोडत असाल तर सूट घेऊन काय करणार, बिघडलेलीच लाईन स्वस्तात मिळेल, आणि वर्षाचे पैसे आधीच देऊन बसल्यावर तुमच्या तक्रारीला वजन राहत नाही. मागच्या पावसाळ्यात सुदामा नगरात एका रिटायर्ड बँकवाल्या काकांकडे गेलो होतो, त्यांचं अगदी हेच झालं होतं. पाऊस आला की नेट जायचं, बंद करायला फोन केला, ऑफर आली, वर्षाचे भरून टाकले, आणि पुढच्या पावसात पुन्हा तेच. फोन केला की राउटर बंद करून चालू करा एवढंच सांगायचे, आणि लाईनमन आला की म्हणायचा, "भिया, लाईन तो बढ़िया है, आपका राउटर पुराना है." मी पावर मीटर लावला तर माइनस २९. फायबरमधून येणारा उजेड मोजायचा तो आकडा, माइनस १५ ते २५ च्या दरम्यान असला तर लाईन ठीक, २७ च्या पुढे गेला की काठावर. खांबावरचा डबा उघडला तर आत मुंग्या, ओल, आणि हिरव्या कनेक्टरला निळा जोडलेला. हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं आणि निळ्याचं सरळ, दोन्ही एकमेकांना नीट भिडत नाहीत, मधे फट राहते आणि उजेड वाया जातो. कंपनीच्या माणसाला बोलावून समोर उभं राहून कनेक्टर बदलून घेतला, डबा साफ करून घेतला, माइनस २१ आलं. त्यानंतर आख्खा पावसाळा गेला, काकांचा फोन नाही. आकडे वाचायची सवय नसेल तर असं समजा, दर ३ आकड्यांना उजेड अर्धा होतो, म्हणजे २१ चं २९ झालं की सहावा हिस्सासुद्धा उरत नाही. ती खराबी खांबावर होती आणि ऑफर आली होती बिलावर.

तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते रंगकाम, जे तुम्ही जाता जाता लिहून गेलात. रंगकामात काय होतं, रंगारी फळी ठेवायला राउटर काढतो, पातळ वायर ओढली जाते, नंतर सुतार टीव्ही युनिट भिंतीला चिकटवतो आणि उरलेली फायबर गुंडाळून मागे कोंबतो. फायबर म्हणजे आत काच आहे, तांब्याच्या तारेसारखी मोडून घडी घालता येत नाही. वळसा चहाच्या कपाच्या तोंडाएवढा तरी मोठा पाहिजे, त्याहून लहान झाला की उजेड वळणावरच बाहेर पडतो. युनिट थोडं हललं, कुणी ड्रॉवर जोरात लावला, की लाईन जाते आणि पाच मिनिटांनी आपोआप येते. तुमचं जे "अधूनमधून पूर्ण जातं" आहे ते मला असलंच वाटतंय. पुढच्या वेळी गेलं की फक्त फायबरच्या बॉक्सवरचे दिवे बघा. लॉस (LOS) लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल किंवा पॉनचा (PON) हिरवा स्थिर नसेल, तर बिघाड वायरचा. सगळे दिवे नेहमीसारखे असून नेट नसेल तर कंपनीच्या बाजूचं काहीतरी. लगेच मोबाईलवर फोटो काढून ठेवा, पुढे कामाला येतो.

आणि संध्याकाळी लटकणं ही वेगळी भानगड असू शकते, दोन्ही एकच आहेत असं धरू नका. संध्याकाळी नेट मंदावतं त्याची दोन कारणं मी नेहमी बघतो. एक, ऑपरेटरकडे मागून येणारा पाइपच कमी आणि रात्री आठ ते अकरा सगळी कॉलनी एकदम चालू. दोन, वाय-फाय. तुमचा राउटर आता टीव्हीच्या मागे, लाकडाच्या खणात, वर सेट टॉप बॉक्स, आणि त्याच वेळी आजूबाजूच्या सगळ्यांचे राउटर पण जोरात. वाय-फायचा जुना २.४ गिगाहर्ट्झवाला बँड लांबपर्यंत पोचतो खरा पण त्यात एकमेकांना न अडवणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि एका गल्लीत तीस राउटर. मग दुपारी चालतं, रात्री रडतं, आणि आपण कंपनीला शिव्या घालतो.

हे वेगळं काढायला काही विकत घ्यायला नको. मिस्टरांचा लॅपटॉप लॅन वायरने थेट राउटरला जोडा. सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री साडेनऊ, असा तीन वेळा स्पीड बघा, तीन दिवस, आणि आकडे कॅलेंडरवर लिहा, डोक्यात ठेवू नका. त्याच वेळी शेजारी मोबाईल धरून वाय-फायवर पण बघा. वायरवर रात्री ९०-९५ येतंय आणि मोबाईलवर २० येतंय, तर कंपनी बदलून काहीही होणार नाही, कारण नवीन कंपनीचा राउटर पण तुम्ही त्याच खणात ठेवणार. वायरवर सकाळी ९५ आणि रात्री १५ येतंय, तर दोष ऑपरेटरचा, सरळ सोडा. अजून एक, मिस्टरांना जमेल, विंडोजच्या काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, पिंग (निरोप जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजायची आज्ञा), मग गूगलचा पत्ता ८.८.८.८ आणि शेवटी डॅश टी टाकून रात्रभर चालू ठेवायचं, आणि दुसऱ्या खिडकीत तसंच राउटरच्या स्वतःच्या पत्त्यावर, तो राउटरच्या खाली छापलेला असतो, बहुतेक १९२.१६८.१.१. हे मात्र वाय-फायवर करा. राउटरपर्यंतचाच आकडा उड्या मारत असेल तर भानगड घरात. राउटरपर्यंत २-४ मिलिसेकंद स्थिर आणि बाहेरचा उड्या मारतोय तर भानगड बाहेर. एवढं करून तुम्ही फोन केलात ना, की तिकडचा माणूस राउटर बंद-चालू करायला सांगू शकत नाही.

रामबागेत एका जुन्या वाड्यात दोन वर्षांत तीन कंपन्या झाल्या होत्या. दगड-चुन्याच्या भिंती, दीड-दोन फूट जाड, राउटर पुढच्या खोलीत गोदरेजच्या कपाटावर आणि मुलगा अभ्यासाला मागच्या खोलीत. प्रत्येक वेळी नवीन कनेक्शन आलं की पहिला आठवडा बरं वाटायचं, मग तेच. शेवटी जिन्याच्या कडेने १८ मीटर लॅन वायर मागे नेली आणि त्यांचाच पडून असलेला जुना राउटर तिकडे लावला. खर्च वायर आणि मजुरीचा. आज तेच तिसऱ्या कंपनीचं नेट तिथे नीट चालतंय, आणि पहिल्याचंही चाललं असतं.

आता २०० एमबीपीएसचं. हे ऐकायला मोठं वाटतं, पण तुमच्या घराला लागतं किती? फोरके पिक्चरला नेटफ्लिक्स स्वतः १५ एमबीपीएस सांगतं, एचडीला ५. व्हिडिओ कॉलला ३-४ धरा. मिस्टरांचा कॉल, मुलीचा क्लास, आईंचा टीव्ही, दोन-चार मोबाईल, सगळं एकदम चालू असलं तरी ४० च्या वर जाणार नाही. १०० तुम्हाला पुरून उरतं, ते पोचत नाहीये हा त्रास आहे. आणि ऑपरेटरकडचा पाइपच भरलेला असेल तर २०० करून काय होणार, आपल्याकडे नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं, घरातला नळ मोठा बसवला म्हणून टाकीत पाणी वाढतं का? शिवाय राउटरचे पोर्ट १०० वालेच असतील किंवा लॅन वायरमध्ये चारच तारा जोडलेल्या असतील तर वायरवर ९५ च्या वर जाणारच नाही, हे तर बरेच लाईनमन पण तपासत नाहीत. स्पीड दुप्पट करायला कंपनीला जवळजवळ काही खर्च येत नाही, म्हणून ती ऑफर सगळ्यात आधी पुढे करतात.

पैशाचा हिशेब पण करून बघू. ७९९ वर १८ टक्के जीएसटी धरून ९४२.८२ होतात. वर्षाचे ११,३१४ रुपये, चौदा महिने चालणार, म्हणजे महिना ८०८. नवीनवाला ५९९ चा जीएसटी धरून ७०६.८२, सहा महिन्यांचे ४,२४१. फरक महिन्याला शंभर रुपये. दोघंजण छप्पन दुकानला एकदा खायला गेलात तर त्याहून जास्त खर्च होतो. त्यामुळे शंभर रुपयांवर निर्णय करू नका, आज खिशातून एकदम किती जातायत ते बघा, एकीकडे सव्वाअकरा हजार आणि दुसरीकडे सव्वाचार. मला विचाराल तर ज्या लाईनचा आजार माहीत नाही तिथे सव्वाअकरा हजार अडकवायचे नाहीत. आणि ५९९ हा कायमचा दर आहे का पहिल्या सहा महिन्यांचा, ते त्या मुलाला विचारा, बहुतेक ठिकाणी नंतर वाढतो. डेटाची मर्यादा पण विचारा, अनलिमिटेड म्हणतात पण बऱ्याच प्लॅनमध्ये ३३०० जीबीनंतर स्पीड पाडतात. तुमच्या घराला तेवढा लागणार नाही, तरी माहीत असावं.

तीन दिवसांचे आकडे हातात आले की मग फोन करा, आणि यावेळी क्रम बदला. आधी सूट मागू नका, आधी माणूस मागा. सांगा की माझ्याकडे तीन दिवसांचे आकडे आहेत, लॉसच्या लाल दिव्याचा फोटो आहे, पावर मीटर घेऊन माणूस पाठवा, खांबावर आणि घरात दोन्हीकडे मोजून द्या, त्यानंतर ऑफरचं बोलू. तक्रारीचा नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. बंद करण्याच्या विनंतीवर जी टीम बोलते तिला ग्राहक थांबवायचं टार्गेट असतं, साध्या तक्रारीला चार दिवस लावणारे लोक अशा वेळी दुसऱ्या दिवशी माणूस पाठवतात, हे मी खूपदा पाहिलंय. ते म्हणतील "मॅडम, ये ऑफर सिर्फ आज के लिए है." जाऊ द्या. बंद करायचंय म्हटलं की दोन दिवसांनी पुन्हा फोन येतो, तीच ऑफर घेऊन, कधी त्याहून बरी.

लाईन दुरुस्त झाली, आठवडाभर नीट चालली, तर राहा तिथेच, आणि मग सूट जरूर मागा. पण वर्षाची नको, महिन्याची किंवा फार तर तीन महिन्यांची मागा. २०० नको, १०० च ठेवा आणि त्याऐवजी दर कमी करा म्हणा. काहीच कमी करत नसतील तर ड्युअल बँडचा (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही असलेला) नवीन राउटर मागा, त्याचा तुम्हाला खरा उपयोग आहे. आणि जे काय ठरेल ते एसएमएस किंवा ईमेलवर लिहून घ्या: दर किती, किती महिने, नंतर कोणत्या प्लॅनवर जाणार, मधेच सोडलं तर उरलेले पैसे परत मिळणार का, आणि घर बदललं तर लाईन शिफ्ट करून देणार का. फोनवर बोललेलं सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही.

तक्रार नंबर घेऊनही काम झालं नाही तर त्याच कंपनीत अपील करता येतं, ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१२ च्या नियमाने प्रत्येक कंपनीला अपील अधिकारी ठेवावा लागतो आणि अपिलाचा निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. ट्राय स्वतः एकेकाची तक्रार सोडवत नाही, तिकडे लिहून वाट बघत बसू नका. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि ग्राहक आयोगात पण जाता येतं, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते स्पष्ट केलंय.

आणि बदलायचंच ठरलं तर घाई नको. मोबाईलसारखी पोर्टेबिलिटी ब्रॉडबँडला नाही, नवीन कंपनी म्हणजे नवीन वायर, नवीन बॉक्स. आधी गल्लीत विचारा, आणि कॉलनीत नव्हे तर तुमच्याच खांबावरून ज्यांना लाईन गेलीय त्या दोन-तीन घरात, संध्याकाळी कसं चालतं आणि बिघडलं तर किती वेळात माणूस येतो. वायर कुठून येते ते पण बघा. अन्नपूर्णा रोडच्या एका ऑफिसात मी बॅकअपला दुसऱ्या कंपनीची लाईन घ्यायला लावली होती, आणि एक दिवस रस्ता खोदला तर दोन्ही एकदम गेल्या, दोघांच्या वायरी एकाच खांबावरून, एकाच गुच्छात. तो धडा मी तेव्हापासून विसरलो नाही, आता आधी वर मान करून वायर बघतो. फायबर पोचतच नाही तिथे ५जीचं एअरफायबर आहे, २०२३ पासून आलंय, गच्चीवर डबा लावतात. टीव्हीला ठीक, पण टॉवरवर गर्दी झाली की पिंग हलतं, मिस्टरांच्या कॉलसाठी मी तरी पहिला नंबर फायबरलाच देईन.

नवीन घेतलं तर पहिला महिना जुनं चालू ठेवा. साडेनऊशेच्या आसपास जास्त जातील, पण मिस्टरांचं एक मीटिंग मधेच तुटणं त्याहून महाग आहे. सहा महिन्यांचे भरायच्या ऐवजी एका महिन्याचे भरून इन्स्टॉलेशनचे पैसे द्यावे लागले तरी द्या, तेवढ्यात लाईन कशी आहे ते कळतं. नवीन राउटरला वाय-फायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवा, मग टीव्ही, मोबाईल, कॅमेरा सगळं आपोआप जोडलं जातं, आईंना काही बदललंय हे कळणारही नाही. कॅमेऱ्याचा डीव्हीआर बाहेरून बघत असाल तर आधी विचारून घ्या, काही कंपन्या एकच आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) खूप घरांना वाटून देतात, त्यात बाहेरून थेट जोडता येत नाही. फायबरसोबत लँडलाइन नंबर असेल आणि तो बँकेत किंवा गॅसला दिलेला असेल, तर तो सोबत येणार नाही, आधी तिकडे मोबाईल नंबर टाकून घ्या. आणि जुनं बंद करताना नुसता फोन पुरत नाही, ईमेल करा, बॉक्स परत देताना सीरियल नंबर लिहिलेली पावती घ्या, बॉक्सचा फोटो काढा, यूपीआयचं ऑटोपे स्वतः बंद करा. माझ्याकडून एकदा पावती घ्यायची राहिली होती, बॉक्स दिलेला असूनही डिपॉझिटसाठी पाच महिने फेऱ्या मारल्या.

पण ताई, हे सगळं नंतर. आज रात्री जेवणं झाली की मिस्टरांना सांगून टीव्ही युनिट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, हळू, वायर ताणली जाऊ देऊ नका, आणि मागे टॉर्च मारून बघा. पातळ वायर कुठे घडी पडून दबलीय का, खिळ्याखाली आलीय का. दिसली तर तुम्ही ओढाताण करू नका, फोटो काढा आणि माझ्या या उत्तराखाली पाठवा, सोबत रात्री साडेनऊचे तीन आकडे. ते बघून मी सांगतो लाईनमनला नेमकं काय बदलायला लावायचं.